थाप

आमच्या गावाला जमीन नाही.
खांब आहेत, खांबांवर फळ्या, फळ्यांवर घरं,
आणि घरांखालून दिवसभर चुळुकचुळुक सरोवर.
रात्री विजा.
एखाद्या रात्री नव्हे. वर्षातल्या निम्म्याहून जास्त रात्री,
काताटुम्बो नदी सरोवरात उतरते त्या अंगाला
आभाळ पेटत राहतं, पहाट होईस्तोवर.
नवखे येतात, फोटो काढतात.
आम्ही कूस बदलतो.

बाबा म्हणायचे, फुकटचा कंदील आहे,
तेल घालावं लागत नाही.
मार्चमध्ये त्याच कंदिलाखाली होडी उलटी सापडली,
खेकड्यांचे पिंजरे दोरीला तसेच.
ते सापडले दोन दिवसांनी.

तेव्हापासून एन्ड्रीना, वय वर्षं सात,
अंधार पडायच्या आत टेबलाखाली.
कानांत कापूस, कापसावर तळवे,
त्यावर आईची शाल.
आई म्हणाली, शहरात जाऊ मावशीकडे.
शेजारच्या न्युविआनं मेणबत्ती लावली.
मी काहीच म्हणालो नाही. मी चौदाचा,
मला होडीची फट बुजवायची होती.

तांबोर तेव्हाच खूप म्हातारा.
तांबोर म्हणजे आमच्याकडे ढोल;
पिल्लू असताना फळीवर शेपटी अशी बडवायचा
की बाबांनी बारसं तिथंच उरकलं.
आता ठार बहिरा. कानाशी पातेलं आपटा, ढिम्म.
दारातल्या फळीवर पोट टेकून
पाण्याकडे तोंड करून पडलेला.

एका रात्री टेबलाखालून तिला जे दिसलं
ते मला उभ्यानं कधी दिसलं नव्हतं.
वीज झाली. तांबोर स्वस्थ.
मग गडगडाट आला, खांबांतून चढत फळ्यांत,
फळ्यांतून त्याच्या पोटात,
आणि शेपटी हलली.
ठप. ठप. ठप.
पुन्हा वीज. काही नाही.
पुन्हा गडगडाट. ठप ठप.

"नेरिओ," कित्येक दिवसांनी आपणहून कापूस काढत ती म्हणाली,
"याला आवडतं?"

बाबा होडीतून फळीवर उडी मारायचे,
धप्पकन, दोन्ही पायांनी.
अख्खं घर हलायचं, ताटल्या वाजायच्या, आई ओरडायची.
बहिऱ्याला आवाज कुठला. त्याला ती थाप कळायची.
आभाळ गरजलं की तांबोरला वाटतं, ते आले.
दर वेळी. एका रात्रीत दोनशे वेळा.

मी सांगून टाकलं.
सांगायला नको होतंस, असं आई अजून म्हणते.
एन्ड्रीना रडली. मग नाक पुसून म्हणाली,
"म्हणजे आभाळ त्याला थापा मारतं."
"हो."
"आणि तो रागावत नाही?"
"नाही."

ती रांगत बाहेर आली.
त्याच्या शेजारी पालथी पडली, गाल फळीवर, डोळे गच्च.
गडगडाट आला.
तिनं त्याच्या मानेची सैल कातडी मुठीत धरली.
शेपटी तिच्या पोटरीवर आपटली.
असं किती वेळ चाललं, मोजलं नाही. मला झोप लागली.

धीट वगैरे झाली नाही ती.
जवळ कुठं पडली की अजून किंचाळते, आठ पूर्ण झाली तरी.
पण परवा पिंजरे ओढता ओढता मला उशीर झाला.
चंद्र नाही, वल्ह्याचं टोक दिसेना,
गाव कुठल्या बाजूला तेही समजेना.
मग लख्ख.
सगळी घरं पांढरी, वाळत घातलेला शर्टसुद्धा,
आणि आमच्या फळीवर पालथ्या दोन आकृत्या,
एक शेपटीवाली.
काळोख.
पुन्हा लख्ख. एक उठून बसलेली, हात हलवतेय.
त्या उजेडावर होडी लावली.

उडी मारली मी. दोन्ही पायांनी.
आजवर कधी मारली नव्हती.
तांबोर धावत आला, म्हणजे धावतो कसला, घसटत आला,
माझे पाय हुंगले.
थांबला.
बराच वेळ हुंगत राहिला.
मग माझ्या ओल्या पावलावरच हनुवटी टेकली.

"बघ," एन्ड्रीना त्याच्या बहिऱ्या कानात ओरडली,
"या वेळी खरंच आलं कुणीतरी."